लाकडी बॅटीचा उन्हाळा

२०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेत भाच्याकडे गेलो होतो. तो बोस्टनच्या बाहेर राहतो. एका शनिवारी म्हणाला, "मामू, चला, आज तुम्हाला मॅच दाखवतो. तिकीट नाही. खुर्ची मात्र घरून न्यायची." आम्ही घडीच्या चार खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि भाच्याच्या बायकोने बांधून दिलेले कबाब गाडीत टाकले आणि दोन तासांवरच्या केप कॉड नावाच्या भागाकडे निघालो. मला वाटलं, मुलांची कुठली तरी शाळेची मॅच असेल. पोचल्यावर पाहतो तर शाळेशेजारचं मैदान, त्याच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची हिरवी टेकडी आणि त्या टेकडीवर सगळं गाव खुर्च्या मांडून बसलेलं. गावाचं नाव ऑर्लीन्स, मैदानाचं एल्ड्रेज पार्क. खेळ बेसबॉलचा.

मी काही खेळांचा जाणकार नाही. बी.ए. झालो तो मराठी घेऊन, आणि हयात गेली कवितेत. पण त्या संध्याकाळनंतर त्या खेळाचा आणि त्या लीगचा इतिहास शोधत बसलो. तोच आज आपल्याला सांगावा म्हणतो.

आधी त्या भूमीविषयी दोन शब्द. केप कॉड म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आग्नेयेला समुद्रात गेलेली जमिनीची पट्टी. नकाशात पाहिली तर कोपरातून वाकवलेल्या हातासारखी दिसते. जमीन रेताड. मासेमारी, क्रॅनबेरीची शेती आणि उन्हाळ्यातले पाहुणे यांच्यावर पिढ्या जगलेल्या. कायमची वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास. उन्हाळ्यात ती दुपटीच्याही वर जाते. या पट्टीवर आणि तिच्या तोंडाशी मिळून दहा संघ आहेत : वेअरहॅम, बोर्न, फॅलमथ, कोटूइट, हायनिस, यार्मथ-डेनिस, हार्विच, ब्रूस्टर, चॅटम आणि ऑर्लीन्स. देशभरच्या कॉलेजांतली निवडक मुलं जूनच्या मध्यावर इथे येतात, ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ रोज खेळतात आणि निघून जातात. त्यांना पगार मिळत नाही. तरीही देशातल्या प्रत्येक होतकरू खेळाडूला इथे यायचं असतं.

या लीगचं वय सांगताना गंमत होते. बरीच वर्षं लीग स्वतःचा जन्म १८८५ चा सांगत असे. आधार काय, तर त्या वर्षीच्या ४ जुलैला सँडविच आणि बार्नस्टेबल या गावांत होणाऱ्या सामन्याची जाहिरात. सामना झाला असेल, पण एका सामन्याने लीग होत नाही. पुढे अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळली आणि दाखवून दिलं, की संघांची बांधलेली लीग सुरू झाली ती १९२३ मध्ये. चॅटम, फॅलमथ, ऑस्टरव्हिल आणि हायनिस या चार गावांची. लीगनेही ते मान्य केलं आणि मी गेलो त्या वर्षी शंभरी साजरी केली. स्वतःचं वय अडतीस वर्षांनी कमी करून घेणारी संस्था मी तरी दुसरी पाहिलेली नाही. आपल्याकडे उलटं चालतं!

त्या पहिल्या काळात खेळाडू सगळ्या तऱ्हेचे असत. गावातली मुलं, आसपासच्या शहरांतले हौशी, काही कॉलेजातले. पाय ट्रेनर हा पुढे पिट्सबर्गकडून खेळून अमर झालेला खेळाडू लीग बांधली जाण्याआधीच, १९१९ मध्ये, फॅलमथसाठी खेळून गेला होता. चांगल्या खेळाडूला चार पैसे द्यावे लागत आणि ते पैसे गावातून उभे करावे लागत. मग मंदी आली. गावांच्या थैल्या रित्या झाल्या आणि १९३९ च्या हंगामानंतर लीग बंद पडली. त्यानंतर महायुद्ध. १९४६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती स्थानिक माणसांची म्हणून. दिवसभर काम करून संध्याकाळी मैदानावर येणाऱ्यांची. हळूहळू बाहेरच्या कॉलेजांतली मुलं येऊ लागली आणि १९६३ मध्ये लीगने आपली घडी नव्याने बसवली : कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता घेतली आणि फक्त कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाच प्रवेश ठेवला. या निर्णयाने गावातल्या मेकॅनिकची, मास्तरांची जागा गेली, हे खरं. जुन्या लोकांना ते लागलंही असेल. पण आज जी लीग आहे ती त्या दिवसापासूनची.

मग चमत्कार व्हावा तशी मुलं येऊ लागली. १९६६ मध्ये ऑर्लीन्सकडून कार्लटन फिस्क नावाचा कॅचर खेळून गेला. कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक समजा. पुढच्याच वर्षी चॅटमकडून थर्मन मन्सन आला, तोही कॅचर. त्याची त्या उन्हाळ्याची सरासरी .४२० होती. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा चेंडू नीट मारता आला तरी माणूस मोठा समजला जातो. हा चारांच्या वर होता. पुढे फिस्क बोस्टनला गेला आणि मन्सन न्यूयॉर्कला, आणि त्या दोन शहरांच्या हाडवैरात हे दोघे बरीच वर्षं समोरासमोर उभे राहिले. २ ऑगस्ट १९७९ ला मन्सन स्वतःचं विमान उतरवण्याचा सराव करत होता. त्या अपघातात तो गेला. वय ३२. केप कॉडमध्ये दर वर्षी सर्वोत्तम सरासरीच्या फलंदाजाला जो पुरस्कार देतात तो त्याच्या नावाचा आहे. तो घेणाऱ्या आजच्या पोरांचा जन्म मन्सन गेल्यावर पंचवीस वर्षांनी झालेला.

आता या लीगच्या इतिहासातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. ती आहे लाकडाची.

क्रिकेट पाहणाऱ्यांना डेनिस लिली आठवत असेल. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत तो इंग्लंडविरुद्ध अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. इंग्लंडचा कर्णधार ब्रिअर्लीने हरकत घेतली, बराच वाद झाला आणि शेवटी लिलीने ती बॅट रागाने भिरकावून दिली. त्यानंतर क्रिकेटच्या नियमात बॅट लाकडाचीच हवी असं लिहिलं गेलं. बेसबॉलमध्ये मात्र गोष्ट वेगळी घडली. अमेरिकेतल्या कॉलेजांनी १९७४ पासून धातूच्या बॅटी स्वीकारल्या. कारण साधं : लाकडाची मोडते, धातूची मोडत नाही, खर्च वाचतो. केप कॉडमध्येही काही वर्षं धातूच चालला. व्यावसायिक संघांनी मात्र लाकूड सोडलं नाही.

यात खेळाडूची परीक्षाच बदलून जाते. धातूची बॅट पोकळ, हलकी. चेंडू तिच्या कुठल्याही भागाला लागला तरी दूर जातो. लाकडाच्या बॅटीवर खरी जागा वीतभर. चेंडू मुठीजवळ लागला तर हात झिणझिणतात आणि बॅट उभी चिरते. गोलंदाज, म्हणजे पिचर, साडेसाठ फुटांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चेंडू फेकतो, तो पोचायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. तेवढ्यात ती वीतभर जागा चेंडूसमोर आणायची. कॉलेजात धातूच्या बॅटीने नाव कमावलेला पोरगा लाकूड हाती आल्यावर काय करतो, हे कुणालाच ठाऊक नसे. १९८५ मध्ये केप कॉडने धातू सोडला आणि पुन्हा लाकूड हाती घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या संघांची पारखी माणसं वेग मोजणारी यंत्रं घेऊन जाळीमागे येऊन बसू लागली, ती आजही बसतात.

मला ही माणसं पाहून आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारे दलाल आठवले. तसंच निर्विकार तोंड. वहीत दोन आकडे लिहायचे आणि पुढच्या गावी निघायचं.

इथून हजाराहून अधिक खेळाडू मोठ्या लीगमध्ये पोचले. १९८८ मध्ये फ्रँक थॉमस ऑर्लीन्सला होता. जेफ बॅगवेल चॅटमला, क्रेग बिजिओ यार्मथ-डेनिसला. २०२२ मध्ये एका हंगामात ६२ होम रन मारून अमेरिकन लीगचा विक्रम मोडणारा अ‍ॅरन जज २०१२ चा उन्हाळा ब्रूस्टरमध्ये काढून गेला होता. पण ही नावं सांगून मी थांबलो, तर या लीगची ओढ का वाटते ते सांगितल्यासारखं होणार नाही. नावं तर टीव्हीवरही दिसतात.

ती ओढ मला कळली ती शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंमुळे. सत्तरीच्या पुढच्या. गुडघ्यांवर शाल, हातात पेन्सिल आणि धावफलकाची वही. दर चेंडूची नोंद. दोन डावांनंतर त्यांनी आपणहून बोलणं काढलं. ही मुलं उन्हाळ्यात राहतात कुठे, तर गावातल्या घरांमध्ये. त्यांना यजमान कुटुंबं म्हणतात. रिकामी खोली द्यायची, फ्रीज उघडा ठेवायचा, कपडे धुवायचं यंत्र दाखवायचं. बाईंच्या घरी कित्येक वर्षं मुलं येत होती. एके काळी मुलं सकाळी गावात काम करत, कुणाकडे गवत काप, कुणाकडे दुकान झाड. आता बहुतेक जण गावातल्या लहान मुलांच्या शिबिरात खेळ शिकवतात. बाईंनी फोनमधले फोटो दाखवले. एक पोरगा मोठ्या लीगपर्यंत गेला, त्याचा फोटो आला आणि पटकन पुढे सरकला. थांबल्या त्या भलत्याच एकावर. त्याचा खांदा गेला, खेळ सुटला, आता कुठे तरी विमा विकतो. दर नाताळला त्याचं पत्र येतं, मुलांच्या फोटोसकट.

मंडळी, मी बी.ए.ची तीन वर्षं जिल्ह्याच्या गावी एका अनोळखी कुटुंबात राहून काढली. वडिलांच्या ओळखीच्या ओळखीतलं घर. नावाने, जातीने, धर्माने माझा त्या घराशी काही संबंध नव्हता. रमजानात तिथली काकू पहाटे उठून माझ्यासाठी स्टोव्ह पेटवून द्यायची आणि पुन्हा झोपायची. परीक्षेत मी पहिला यावा, अशी तिची काही अपेक्षा नव्हती. मी जेवलो की नाही, एवढंच ती विचारायची. त्या टेकडीवर ते घर मला आठवलं.

पाचव्या डावाच्या सुमारास दोन स्वयंसेवक बादली घेऊन फिरले. पूर्वी टोपी फिरवत म्हणे. तिकीट नसल्यामुळे संघाचा खर्च निघतो तो या बादलीतून, सोडतीच्या चिठ्ठ्यांतून, टोप्या-टीशर्टच्या विक्रीतून आणि मुलांच्या शिबिरांच्या फीमधून. व्यावसायिक बेसबॉलकडून लीगला काही मदत मिळते, पण संघ चालवणारी गावची माणसं बहुतेक बिनपगारी. गवत कापण्यापासून हॉट डॉग विकण्यापर्यंत सगळी कामं तीच करतात. कुस्तीच्या फडात पैलवानाला उठून पाच-दहा रुपये देणारे म्हातारे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही बादली समजायला वेळ लागणार नाही.

बड्यांची मदत घेतली की त्यांचं ऐकावंही लागतं. चॅटमच्या संघाचं नाव ओकलंडच्या संघावरून 'ए'ज' होतं, ऑर्लीन्सचं 'कार्डिनल्स', हायनिसचं 'मेट्स'. २००८ मध्ये मोठ्या लीगकडून निरोप आला : आमची नावं वापरायची तर गणवेश आणि विक्रीचा माल आमच्या परवान्याच्या कंपन्यांकडूनच घ्या. गावच्या दुकानदाराकडून टोप्या शिवून घेणाऱ्यांना ते परवडणारं नव्हतं. या तीन संघांनी मग नावंच बदलली. चॅटम 'अँगलर्स' झालं, म्हणजे गळ टाकून मासे धरणारे. ऑर्लीन्स 'फायरबर्ड्स', हायनिस 'हार्बर हॉक्स'. मला तर नवी नावं जास्त आवडली. वेअरहॅमवाले पूर्वीपासून 'गेटमन' आहेत, कारण ते गाव केपच्या दारात. आणि कोटूइटचे 'केटलीअर्स' : गोऱ्यांनी ही जमीन मूळ रहिवाशांकडून एक पितळी भांडं आणि एक कुदळ देऊन घेतली, अशी कथा आहे, त्या भांड्यावरून. असा व्यवहार छातीवर मिरवावा का, हा प्रश्न माझ्या मनात आला. भाच्याला विचारला, तो फक्त हसला.

कोटूइटच्या मैदानावर दिवे नाहीत. सामना दुपार कलताना सुरू होतो आणि लांबला तर अंधार पंचाचं काम करतो. चॅटमला समुद्रावरून धुकं येतं आणि बाहेरच्या क्षेत्ररक्षकाला चेंडू दिसेनासा होतो. मग खेळ थांबवून सगळे वाट बघत बसतात. आपल्याला ऐकून गैरसोय वाटेल. तिथल्या लोकांना विचारा, ते धुक्यामुळे अर्धवट राहिलेल्या सामन्यांच्या गोष्टी जिंकलेल्या सामन्यांहून जास्त रंगवून सांगतात.

अशा उन्हाळी लीग अमेरिकेत इतरत्रही आहेत. अलास्कात फेअरबँक्स गावी १९०६ पासून २१ जूनच्या आसपास रात्री साडेदहाच्या सुमाराला सामना सुरू होतो, तोही दिव्यांशिवाय, कारण तिथे तेव्हा सूर्य मावळतो न मावळतो. तिथल्या गोल्डपॅनर्स संघाकडून १९६४ आणि १९६५ मध्ये टॉम सीव्हर खेळला. मध्य-पश्चिमेत १९९४ पासून नॉर्थवुड्स लीग आहे. ती रीतसर धंदा म्हणून चालते, तिकीट लावून. जॉर्जियातल्या सव्हाना शहरातून २०१५ मध्ये व्यावसायिक संघ निघून गेला, तेव्हा त्या ओस मैदानावर पुढच्या वर्षी कॉलेजच्या मुलांचा 'बनानाज' नावाचा संघ आला. नाच, गाणी, विदूषकी यांनी त्याने एवढी गर्दी खेचली, की २०२२ नंतर त्याने कॉलेज लीगच सोडली आणि नुसता तमाशा घेऊन देशभर फिरू लागला. तमाशा हा शब्द मी आदरानेच वापरतो आहे. पण केप कॉडच्या टेकडीवर बसणाऱ्याला तो चालायचा नाही.

गेल्या काही वर्षांत या सगळ्याला हादरे बसले. २०२० मध्ये कोरोनामुळे हंगाम झालाच नाही. महायुद्धानंतर असं प्रथमच घडलं. व्यावसायिक संघांनी नव्या मुलांची निवड, म्हणजे ड्राफ्ट, आखडती घेतली. २०१९ पर्यंत ती चाळीस फेऱ्यांची होती, २०२० मध्ये फक्त पाच फेऱ्या झाल्या आणि त्यानंतर वीस राहिल्या. २०२१ पासून खालच्या व्यावसायिक लीगमधले चाळीसहून अधिक संघ मोठ्या संघांनी सोडून दिले. म्हणजे दारं निम्मी झाली आणि येणारी मुलं तेवढीच. त्यातच निवडीची तारीख जूनवरून जुलैवर गेली, त्यामुळे ऐन हंगामात मुलं सामान बांधून निघून जातात. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींतून पैसे घेता येऊ लागले, एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं सोपं झालं. मग काहींना वाटतं, फुकट खेळून खांदा कशाला झिजवा? त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने स्वतःच्या खांद्याची काळजी घ्यायची नाही तर कुणी घ्यायची?

आणि घरं महागली. केपवर घर घेणं हे तिथल्या शिक्षकाच्या, नर्सच्या आवाक्याबाहेर गेलं आहे. बरीच घरं श्रीमंतांच्या सुटीची, वर्षातले नऊ महिने बंद. बाई म्हणाल्या, पूर्वी त्यांच्या गल्लीत तीन घरांमध्ये मुलं असायची, आता त्यांच्या एकट्यांच्या घरी. पुढच्या वर्षी जिना चढवेल की नाही, खात्री नव्हती. मुलांची खोली वर आहे.

त्या संध्याकाळी ऑर्लीन्सचा संघ हरला. त्यांचा एक उंच, काटकुळा पोरगा चार वेळा आला आणि एकदाही चेंडू धड लागला नाही. शेवटच्या खेपेला बॅट मधोमध मोडली. जाळीमागचे पारखी वह्या मिटून उठलेही होते. बाईंनी वहीत खूण केली आणि हळूच म्हणाल्या, हा माझ्याकडे राहतो. मग खुर्ची मिटून उठल्या. त्याला उशिरा भूक लागते, म्हणाल्या.

खेळ संपल्यावर गावची पोरं मैदानात घुसतात, त्यांना कुणी अडवत नाही. भाच्याची मुलगी आठ वर्षांची. ती त्या काटकुळ्या पोरासमोर जाऊन उभी राहिली आणि सरळ मोडकी बॅट मागितली. त्याने बाकड्याखालून काढली, तिच्यावर सही केली आणि मोडका भाग तिला लागू नये म्हणून टोकाला चिकटपट्टी गुंडाळून दिली.

ती बॅट भाच्याच्या घरी दारामागे उभी आहे. सही मला वाचता आली नव्हती. दर वर्षी जुलैत निवडीच्या याद्या लागतात तेव्हा ती मुलगी त्याचं नाव शोधते. २०२४ ला नव्हतं. पुढच्या वर्षी फोनवर मी विचारलं, तर म्हणाली, "नाही आलं, नानू. पण तो या वर्षी त्या आजींना भेटायला आला होता."